घोरणं, मध्येच थांबणारा श्वास आणि बीपी: स्लीप स्टडी खरंच करावी का?

मृण्मयी_डोंबिवली
बाबा ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. मीठ कमी केलंय, फिरायला जातात. तरी सकाळचं बीपी १६०/१०० च्या खाली यायला तयार नाही. या वेळी कार्डिओलॉजिस्टने चौथी गोळी लिहिलीच नाही. आईकडे वळून विचारलं, "हे घोरतात का? मध्ये श्वास थांबल्यासारखा वाटतो का?" आई म्हणाली, "मी कितीतरी वर्षं हॉलमध्ये झोपते, त्यावरून काय ते समजा."

डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करायला सांगितली आहे. बाबा तेव्हापासून चिडलेत. "हृदयाच्या डॉक्टरला माझ्या नाकाशी काय करायचंय? हे सगळं मशीन विकायचं चाललंय." भाऊही त्यांच्याच बाजूने. मला विचारायचंय ते एवढंच: घोरण्याचा आणि हृदयाचा, रक्तवाहिन्यांचा खरंच एवढा संबंध असतो का? कुणी तपासणी केली असेल, रात्री मास्क लावून झोपायचं ते मशीन वापरत असेल तर अनुभव लिहा.

सुस्त_कासव
वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त घोरणारा मीच.

पंचगंगेकाठचा
आमच्या कोल्हापुरात घोरणाऱ्या माणसाला सुखी समजत्यात. "बघा, बिनघोर झोपलाय" म्हणत्यात. बिनघोर म्हणायचं आणि घोरतोय म्हणायचं, एकाच दमात. आजोबा असेच बिनघोर झोपायचे. एका पहाटे उठलेच नाहीत. सगळे म्हणाले पुण्यवान माणूस, झोपेत गेला. आता हा धागा वाचून शंका यायला लागली राव.

डॉ_रातपाळी
मी छातीविकारतज्ज्ञ आहे, झोपेच्या तपासण्या रोज बघतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी एक स्पष्ट करतो. घोरणाऱ्या प्रत्येकाला झोपेत वारंवार श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया नसतो. झोपेत सगळ्यांचेच घशाचे स्नायू सैलावतात. ज्यांच्या घशात मुळातच जागा कमी असते (गळ्याभोवतीची चरबी, मागे असलेला खालचा जबडा, मोठे टॉन्सिल), त्यांची श्वासाची वाट पूर्ण मिटते. छाती आणि पोट धडपडत राहतात, हवा मात्र आत जात नाही. हे किमान १० सेकंद चाललं की एक अ‍ॅप्निया मोजायचा. श्वास पूर्ण बंद न होता बराच कमी झाला तर तेही मोजतात. असे प्रकार तासाला ५ पेक्षा कमी असतील तर आम्ही काळजी करत नाही. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, रात्रभर.

आता हृदयाचं. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं रक्तात येतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी उसळतं आणि माणूस अर्धवट जागा होऊन मोठ्याने घुरका मारत श्वास घेतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. निरोगी माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के उतरतं. या मंडळींचं उतरतच नाही, काहींचं उलट चढतं. रात्रभर ताणलेली ही यंत्रणा दिवसाही शांत होत नाही, म्हणून दिवसाचं बीपीही चढं राहतं.

दुसरी गोष्ट रुग्णांना कुणी सांगत नाही. मिटलेल्या घशाविरुद्ध माणूस श्वास ओढतो तेव्हा छातीतला दाब फार खाली जातो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती पातळ असतात, त्या दर वेळी ताणल्या जातात. वर्षानुवर्षं हे चाललं की ठोक्यांची लय बिघडायला निमित्त मिळतं. आणि ऑक्सिजन सारखा खाली-वर होत राहिला की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्याचा त्रास होतो. वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, सूज टिकून राहते.

त्यामुळे ताई, तुमच्या कार्डिओलॉजिस्टने बरोबर नस पकडली आहे. तीन गोळ्या, त्यात एक लघवीची, आणि तरी बीपी हटत नाही, अशा वेळी अ‍ॅप्निया शोधायचाच असतो. बीपी, हार्ट फेल्युअर, लय बिघडणं, पक्षाघात अशा आजारांच्या रुग्णांत ४० ते ८० टक्क्यांना अ‍ॅप्निया सापडतो, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये नमूद केलंय.

सुस्त_कासव
डॉक्टर, "दर दोन मिनिटांना एकदा" वाचून झोप उडाली. म्हणजे आज रात्री तरी घोरणार नाही.

आकडेवाले_काका
मी निवृत्त अभियंता. डॉक्टरांचा प्रतिसाद चांगला आहे, पण एक बाजू राहिली. संबंध असणं वेगळं आणि उपचाराने फायदा होणं वेगळं. २०१६ मध्ये सेव्ह नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २,७१७ लोक, सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार. अर्ध्यांना सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) आणि नेहमीची औषधं, अर्ध्यांना नुसती औषधं. सरासरी साडेतीन वर्षांहून जास्त पाठपुरावा. हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत फरक? नाही. मग ४०-५० हजारांचं मशीन "हृदय वाचवा" म्हणून विकणाऱ्यांना काय म्हणायचं? मृण्मयीचे बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

अनुराधा_पेठकर
काका +१. मला तर त्या मशीनवाल्याने फोनवरच हप्ते सांगितले. आजार नंतर, हप्ता आधी.

डॉ_रातपाळी
काका, मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. सेव्हमध्ये मशीन मिळालेल्यांनी ते रात्रीतून सरासरी ३.३ तास वापरलं. उरलेली रात्र घसा मिटतच होता. शिवाय दिवसा खूप झोप येणारे आणि ऑक्सिजन फारच खाली जाणारे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, कारण गाडी चालवताना डुलकी लागणाऱ्याला "तू चार वर्षं बिनउपचार राहा" असं सांगता येत नाही. म्हणजे ज्यांना जास्त धोका, नेमके तेच बाहेर राहिले. त्याच चाचणीत दिवसाची झोप, मनःस्थिती, कामावरची गैरहजेरी मात्र सुधारली होती.

तरीही तुमचं म्हणणं उरतंच. मशीन लावल्याने हार्ट अटॅक टळतो, असं अजून अशा चाचण्यांनी सिद्ध केलेलं नाही. कुणी ती हमी देऊन मशीन विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. बीपीवरचा परिणाम मात्र खरा आहे. सरासरी बघितली तर छोटा, दोन-तीन अंक. हट्टी बीपी असलेल्यांत आणि रोज चार तासांहून जास्त मशीन लावणाऱ्यांत तो जास्त दिसतो.

आकडेवाले_काका
दोन-तीन अंक तर चालण्यानेही उतरतात.

आणि स्पेनचा २००५ चा अभ्यास हमखास पुढे केला जातो, म्हणून आधीच लिहून ठेवतो. तीव्र अ‍ॅप्निया असून उपचार न घेतलेल्या पुरुषांना मशीन वापरणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने जास्त गाठलं, बरोबर. पण तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. जो माणूस रोज रात्री इमानाने मास्क लावतो, तो बीपीची गोळीही इमानाने घेतो. फायदा मास्कचा की स्वभावाचा?

डॉ_रातपाळी
मान्य. म्हणूनच मी स्पेन आणलं नाही. :)

वैशाली_नाशिक
पुरुषांचंच चाललंय म्हणून लिहिते. मी बारीक आहे, वजन कधीच वाढलं नाही. पाळी थांबल्यानंतर रात्री सारखी जाग यायची, सकाळी डोकं जड, दिवसभर अंगात जीव नाही. एकाने झोपेची गोळी दिली, एकाने थायरॉइड तपासलं, एकीने "या वयात होतं असं" म्हणून बोळवण केली. घोरते का असं कुणी विचारलंच नाही, आणि मीही बाई माणूस, कशाला सांगू? एके दिवशी छातीत धडधड वाढली म्हणून ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडलेली. तो डॉक्टर तरुण होता. त्याने माझ्या जबड्याकडे बघितलं, घसा बघितला आणि स्लीप स्टडी लिहून दिली. तासाला ३० च्या वर निघाले.

झोपेची गोळी बंद केली. तिने स्नायू आणखी सैल पडू शकतात, हे तेव्हा कळलं. आता मशीन लावते. धडधड पूर्ण गेली असं नाही म्हणणार, गोळ्या चालू आहेतच. पण सकाळी डोकं दुखत नाही आणि रात्री सारखं बाथरूमला उठणं थांबलं, हे नक्की.

सुस्त_कासव
बाथरूमचा काय संबंध? मी प्रोस्टेट म्हणून औषध घेतोय!

डॉ_रातपाळी
संबंध आहे आणि तो हृदयातूनच जातो. छातीतला दाब घसरला की वरचे कप्पे ताणतात, हे वर लिहिलंय. हृदयाला वाटतं रक्त जास्त झालंय, म्हणून ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडांना सांगतं, पाणी काढा. त्यामुळे रात्री लघवी जास्त तयार होते. प्रोस्टेटचं औषध मनाने बंद करू नका हं. तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घोरण्याची गोष्ट घाला, एवढंच.

वैशालीताईंचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे. स्त्रियांची लक्षणं अशीच आडवळणाने येतात. फिब्रिलेशन असलेल्यांत अ‍ॅप्निया बिनउपचार राहिला तर शॉक देऊन लय बसवल्यावरही ती पुन्हा बिघडायची शक्यता वाढते.

बोरीबंदर
मुंबईकरांना आठवत असेल, फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा रुग्णालयाने अ‍ॅप्नियाचं नाव घेतलं होतं. तोवर आमच्या ऑफिसात कुणी हा शब्द ऐकलाही नव्हता. त्या आठवड्यात डब्याच्या वेळी सगळे एकमेकांना विचारत होते, "तुझी बायको काय म्हणते?"

डॉ_रातपाळी
मुंबईचं निघालंच आहे तर: तिथल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये आला होता. १९.५ टक्क्यांत झोपेतला श्वासाचा बिघाड सापडला, आणि दिवसाच्या त्रासासकट अ‍ॅप्निया ७.५ टक्क्यांत.

पंचगंगेकाठचा यांच्या आजोबांबद्दल मी काहीच सांगू शकत नाही. पण एक निरीक्षण खरं आहे. एरवी अचानक हृदय बंद पडण्याच्या घटना सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात जास्त होतात. अ‍ॅप्निया असलेल्यांत मात्र मध्यरात्र ते सकाळी ६ ही वेळ जास्त आढळली. अमेरिकेतला २००५ चा अभ्यास आहे.

पंचगंगेकाठचा
आजोबा चारला उठून धारा काढायचे. त्या दिवशी साडेचारला म्हशी हंबरायला लागल्या, तेव्हा कळलं.

तुतारी_वाजवा
वातावरण गंभीर झालं म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये अ‍ॅप्नियाच्या रुग्णांना डिजरिडू नावाचं ऑस्ट्रेलियातलं लांबलचक वाद्य रोज वाजवायला लावलं आणि खरंच फरक पडला. २००६ चा अभ्यास. त्याला २०१७ मध्ये शांततेचं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते) मिळालं. शेजारच्या उशीवरच्या शांततेसाठी असणार. आणि अलीकडे जयपूरला ३० रुग्णांवर शंखाचा प्रयोग झाला. सहा महिने शंख फुंकणाऱ्यांचा तासाला श्वास अडण्याचा आकडा थोडा उतरला, दिवसाची झोपही कमी झाली. घशाच्या स्नायूंना व्यायाम, हे तत्त्व.

अनुराधा_पेठकर
आमच्या सोसायटीत सकाळी कुणी शंख फुंकला तर सेक्रेटरीचं बीपी वाढेल, त्याचं काय?

आकडेवाले_काका
३० रुग्ण म्हणजे फारच कमी. पण शंख दोन-तीनशेला मिळतो आणि हप्ते नाहीत, म्हणून माझा विरोध नाही.

देवगड_हापूस
मशीनच्या संसाराबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहितो. माझा आकडा ५२ होता. पहिले काही दिवस मास्क कधी काढून फेकला ते मलाच कळायचं नाही. सकाळी तो पलंगाखाली सापडायचा. विक्रेत्याने एकच मापाचा मास्क माथी मारला होता, नाकाच्या हाडावर वळ उठायचे. माप बदलून फक्त नाकाचा घेतला आणि गाडी रुळावर आली. तेव्हा मशीन घेताना मास्क बदलून देणार का, हे आधी विचारा.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते. मशीन बंद पडलं की गुदमरल्यासारखं होऊन जाग येते. मास्कला भोकं असतात त्यामुळे जीव वगैरे जात नाही, पण झोप गेलीच. आता मशीन इन्व्हर्टरवर आहे. पाणी तापवणारा भाग मी जून ते सप्टेंबर बंदच ठेवतो, हवेतच एवढा ओलावा असतो. त्यात नळाचं पाणी घालू नका, क्षार बसतात. रातराणीने मुंबईला जायचं असेल तर मशीन नेत नाही, बसून जागतो. गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं तेव्हा पोरं मला बघायला येतात, "काका विमान चालवतायत" म्हणून.

बीपीचं म्हणाल तर एक गोळी अर्धी झाली, तीही डॉक्टरांनी केली. पण वजनही त्याच काळात उतरलं. श्रेय कोणाचं ते काकांनी ठरवावं.

आकडेवाले_काका
वजनाचं. :) पण तुम्ही बरे आहात हे महत्त्वाचं.

लेस्टरची_लेक
इथे इंग्लंडमध्ये मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्निया असून दिवसा झोप अनावर होत असेल तर गाडी चालवणं थांबवून डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन परवाना खात्याला, कळवावं लागतं. उपचाराने झोप आटोक्यात आली की पुन्हा चालवता येते. माझा नवरा लॉरीवर आहे. परवाना जाईल या भीतीने तो किती दिवस डॉक्टरकडे गेलाच नाही. आपल्याकडे घाटात रात्रीच्या गाड्या चालवणाऱ्यांचं कोण बघतं? हृदयाच्या आधी हा धोका मोजा, असं मला वाटतं.

सुस्त_कासव
वजन कमी करायच्या त्या नव्या इंजेक्शनने अ‍ॅप्नियाही जातो म्हणतात?

डॉ_रातपाळी
टिर्झेपटाइड. लठ्ठपणा आणि मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्निया दोन्ही असलेल्यांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आकडा बराच उतरतो, काहींना मशीनची गरज उरत नाही, सगळ्यांना नाही. वैशालीताईंसारख्या बारीक रुग्णांना त्याचा उपयोग नाही. महाग आहे, आणि बंद केल्यावर वजन परत चढू शकतं.

आणखी एक, कारण इथे बरेच जण मशीन ऑनलाइन मागवायच्या विचारात दिसतात. अशक्त हृदयाच्या काही रुग्णांत श्वास थांबतो तो घसा मिटल्यामुळे नाही, मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाही म्हणून. अशा रुग्णांना एका वेगळ्या, आपोआप दाब बदलणाऱ्या मशीनने फायदा होईल असं वाटलं होतं. २०१५ मध्ये निकाल आला तर हृदयविकाराने मृत्यू वाढलेले. म्हणून आधी तपासणी, मग मशीन.

मृण्मयी_डोंबिवली
सगळ्यांचे आभार, मी वाचत होते. घरी रात्री मोबाइलवर बाबांचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्यांना ऐकवला. घोरणं ऐकून हसले, पण मधल्या शांततेला गप्प झाले. "बंद पडलं का रेकॉर्डिंग?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच तपासणीला तयार झाले.

घरी येऊन यंत्र लावून गेले होते. रिपोर्ट आला: तासाला २४. रक्तातला ऑक्सिजन ८१ टक्क्यांपर्यंत खाली. पण मशीन नको म्हणतात. आकडेवाले काकांचे प्रतिसाद भावाने त्यांना वाचून दाखवलेत! आता काय करू?

आकडेवाले_काका
अरे देवा. बाबांना सांग, काका म्हणाले हार्ट अटॅक टळण्याची हमी नाही. उपचार नकोत असं काका म्हणाले नाहीत. तीन गोळ्यांवर १६० राहणारं बीपी हा वेगळा हिशेब आहे, तिथे दोन-चार अंकही मी सोडणार नाही.

डॉ_रातपाळी
ताई, रिपोर्टमध्ये उताणं झोपलेलं असतानाचा आकडा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो बघून सांगा. आणि रात्री घेतात का?

मृण्मयी_डोंबिवली
बघितलं. उताणे ४१, कुशीवर ८. आणि हो, शनिवार-रविवार घेतात. आईला वाटतं मला माहीत नाही.

डॉ_रातपाळी
मग मशीनवर भांडत बसू नका. कुशीवर झोपायची सवय, दारू बंद, जमेल तेवढं वजन कमी, आणि बीपीच्या गोळ्या आहेत तशाच. दोन-तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा, शक्य झाल्यास २४ तासांचं बीपीही. आकडा खाली आला तर छान. नाही आला तर मशीनचा विषय काढता येईल, तोवर त्यांचा विश्वासही बसलेला असेल. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरणही असतं, त्यासाठी या कामातला दंतवैद्य लागतो. हे सगळं तुमच्या कार्डिओलॉजिस्टना दाखवूनच, मी बाबांना तपासलेलं नाही.

वैशाली_नाशिक
कुशीवर राहायला जुन्या बनियनला पाठीकडून खिसा शिवायचा आणि त्यात टेनिसचा चेंडू घालायचा. उताणं झालं की टोचतो. माझ्या दिरांना याचा उपयोग झाला.

मृण्मयी_डोंबिवली
शिवला. बाबा म्हणतात चेंडू घालतो, पण शनिवारचं आधी आईशी बोलून ठरवू. आई म्हणाली, बोलायचं काही राहिलेलंच नाही, मला सगळं माहीत आहे.